छबुबाईचा परस्पर होकार

पाटोद्यात उतार गल्ली कुठे असं कुणाला विचारलं, तर माणूस बोट दाखवायचा नाही. म्हणायचा, "डांबरी रोडनं सरळ जा. कुटं वळायचं ते नाक सांगंल."

निदान गेल्या पौषापर्यंत तरी असंच होतं.

चौतीस घरांची ही गल्ली चढावर वसलेली. वरच्या टोकाला मैनुद्दीनचं घर आणि घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. खालच्या टोकाला, जिथे गल्ली डांबरी रस्त्याला मिळते तिथे, अगदी तोंडावर शहादेवचं घर. चौतीस मोऱ्यांचं पाणी मधल्या उघड्या नालीतून वाहत येऊन शहादेवच्या दारात बसायचं. पावसाळ्यात नाली फुगली की ते ज्याच्या त्याच्या घरात शिरायचं. त्यावर गल्लीने आपल्या डोक्याने एक उपाय काढला होता. कुणीतरी दारापुढे वीतभर ओटा बांधला. त्याला आपटून पाणी समोरच्याच्या घरात गेलं. समोरच्याने हातभर बांधला. मग शेजाऱ्याने दीड हात. असं करत करत दहा वर्षांत अख्खी गल्ली ओट्यांवर चढून बसली. ओटा उंच झाला की त्याला पायऱ्या लागतात, पायऱ्यांना जागा लागते. बारा फुटांची गल्ली पाच फूट उरली, आणि त्यातली दोन फूट नाली.

सगळ्यांत दांडगा ओटा शहादेवचा. कमरेएवढा उंच, चार पायऱ्यांचा, वर शहाबादी फरशी. त्याचंही खोटं नव्हतं. सगळ्यांचं पाणी शेवटी त्याच्याच उंबऱ्याला डोकं टेकवायचं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी "ओटे जरा माघं घ्यावेत का?" असं नुसतं पुटपुटलं, तर शहादेव त्याच फरशीवर उभा राहून गरजला होता, "ह्या ओट्याला हात लावा असं माझ्या तोंडून कदी निघायचं न्हाई. नारायणगडाची आण हाय!"

देवस्थानाच्या गडाची आण म्हटल्यावर विषय संपला. गल्लीत कुणी पुन्हा ओट्याचं नाव काढलं नाही.

आता छबुबाईचं सांगते. शहादेवच्या घरापासून तिसरं दार छबुबाईचं. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. तिला विचारलं तर म्हणते, "बावीस पट्टे केलेत. पुढचं तुमी मोजा." पट्टा म्हणजे ऊसतोडीचा एक हंगाम. नवरा आदिनाथ आणि ती, दोघांचा मिळून एक कोयता. बावीस वर्षं तो कोयता कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात चालला. आदिनाथ तापाने गेला, आणि एकट्या बाईला टोळीत कोण घेणार? शिवाय मोळ्या वाहून वाहून तिचा उजवा खांदा असा बसला होता की वेणी घालायलाही हात वर जात नव्हता. ती घरी राहिली. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर गल्लीतली एकोणीस घरं कुलूप लावून निघाली, तेव्हा ताराबाई, म्हणजे शहादेवची बायको, तिच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आक्का, चावी ठिवा."

"माझ्याकडं? माझ्याच घराचं कुलूप मोडलंय बाई."

"कुलपाकडं कोन बगतंय? तुमी हायत ना."

तेव्हापासून छबुबाई गल्लीची चावीवाली झाली. रीतच पडून गेली. निघायच्या दिवशी बायका यायच्या, तिच्या तळहातावर आधी चिमूटभर साखर ठेवायच्या, मग चावी. साखर कावून? तर चावी घेणाऱ्याच्या तोंडून त्या घराबद्दल कडू निघू नये म्हणून. छबुबाईला अक्षर येत नाही. ज्या घराची चावी, त्या घरच्या बाईच्या जुन्या झंपराची चिंधी ती चावीला शिवून ठेवते. दर सोमवारी एकेक घर उघडायचं, झाडायचं, देवाजवळ दिवा लावायचा, भिंतीला कान लावून वाळवी लागली का ते ऐकायचं. कुणाची म्हातारी शेजाऱ्यांकडे मागं राहिलेली असते, कुणाची शाळेतली पोरगी. त्यांच्यावर ओरडायचं कामही तिचंच. ओरडण्यात तिचा हात, किंवा खरं म्हणजे गळा, धरणारं पाटोद्यात कुणी नव्हतं.

अकरा वर्षांत एका घरातून एक वाटी हललेली नाही. छबुबाईने सांगितलं की झालं, असं एकोणीस घरं मानत आली. तिच्याजवळ दुसरं काय होतं? शेत नाही, लेकरू नाही. तिचा शब्द होता.

गेल्या भादव्यात एक प्रकार घडला. मैनुद्दीनची आई, शहजादीखाला, हिला दुपारी एकाएकी श्वास लागेना. गाडी गल्लीत येऊ शकत नव्हती, म्हणून चौघांनी तिला बाजेवर घातलं आणि खाली रस्त्याकडे पळवत आणलं. गल्लीच्या तोंडाशी, शहादेवच्या ओट्याच्या आणि समोरच्या भिंतीच्या मध्ये, बाज अडकली. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी बाज आडवी करावी लागली. म्हातारी नालीत पडता पडता राहिली. शहादेवनेच तिला दोन्ही हातांवर झेललं आणि रस्त्यापर्यंत नेलं. खाला वाचली. पण त्या दिवसापासून शहादेव आपल्या ओट्यावर बसायचा बंद झाला, हे एकट्या छबुबाईच्या लक्षात आलं होतं. ती काही बोलली नाही. तोही नाही. दिवाळी झाली, आणि शहादेव-ताराबाई साखर देऊन, चावी देऊन, टोळीबरोबर कर्नाटकात गेले.

मागे उरली पंधरा घरं. त्यांत विजयमालाचं एक. ती आशाताई, गोळ्या वाटत आणि लसीच्या तारखा सांगत दारोदार फिरणारी. खालाला दवाखान्यात नेताना बाजेचा एक पाय तिने धरला होता. तिने ठरवलं की आता बास.

पहिल्या रविवारी ती झाडू घेऊन एकटीच गल्लीत उतरली. दुसऱ्या रविवारी छबुबाई आणि मैनुद्दीनची बायको अफसाना. गल्लीतल्या कडुलिंबाखालच्या उकिरड्याने तीन रविवार खाल्ले. त्यातून एक फुटका माठ, दोन सायकलच्या रिंगा आणि मैनुद्दीनचा सात वर्षांपूर्वी हरवलेला पाना निघाला.

"हा पाना चोरला म्हनून मी जाकीरला कामावरून काढला व्हता!" मैनुद्दीन कपाळ धरून म्हणाला.

"जा आता, माफी माग त्याची," अफसाना म्हणाली.

"त्यानं सोताचं दुकान टाकलंय बे! माझ्यापेक्षा मोठं!"

पाचव्या रविवारी पंधराच्या पंधरा घरं रस्त्यावर होती. तेव्हा विजयमालाने नगरपंचायतीच्या कचेरीत अर्ज दिला. उत्तर चांगलं आलं. बंद गटार मंजूर होतं, वर काँक्रीटचा रस्ताही. शेजारच्या वॉर्डात खोदकामाचं मशीन येणार होतं, ते एक दिवस उतार गल्लीला देता येत होतं. अट एकच. ओटे निघाले पाहिजेत, आणि प्रत्येक घराची संमती पाहिजे.

पंधरा घरांची संमती तासाभरात झाली. उरली एकोणीस कुलपं.

"मावशी, तुमीच बोला," विजयमाला म्हणाली. "माझं ऐकणार न्हाईत ते."

मैनुद्दीनच्या दुकानात, फोन स्पीकरवर टाकून, छबुबाईने एकेका घराला गाठलं. मैनुद्दीन शटरवर खडूने खुणा करायला उभा.

पहिला बद्रीनाथ. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "तोडा की मावशी. पर आदी एक सांगा. शहादेवभाऊचा तुटनार हाय का?"

"त्याचं बगू मंग."

"मंग माझंबी मंगच बगा."

दुसरीकडे बाई होती. "आक्का, माझ्या ओट्यात तुळस हाय बरं का. तिला आदी 'ऊठ बाई' म्हना, मंग उचला. आन शहादेव दादांचं काय ठरलं?"

तिसऱ्याने नमस्कारही न करता विचारलं, "शहादेवचा?"

अठरा घरं. अठरा वेळा तेच. शहादेवचा तुटला तर आमचा तोडा. तो राहिला तर आमचा कावून तुटावा? आणि त्यात चूक तरी काय? त्याचा ओटा गल्लीच्या तोंडावर. तो असताना मशीन आत येणारच नव्हतं.

शहादेवचा फोन बंद. सकाळी बंद, दुपारी बंद, दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी बंद. फोनमधली बाई दर वेळी गोड आवाजात तेच सांगायची. बाकीचे सगळे कोल्हापूरकडे गेलेले, शहादेवची टोळी वेगळी. मुकादम अंबाजोगाईकडचा, त्याचा नंबर गल्लीत कुणाकडे नव्हता.

रविवारी दिवेलागणीला सगळे पुन्हा दुकानात जमले. विजयमाला घाईत आली.

"उद्या सकाळी आठला मशीन येतंय. तिकडचं काम संपलंय. एकच दिवस हाय. शहादेवभाऊंचा होकार असंल तर ठीक, नसंल तर आत्ताच नको म्हणून कळवते. मग पुन्हा कधी, ते मला सांगता यायचं न्हाई." तिने छबुबाईकडे पाहिलं. "मावशी, लागला का फोन?"

दुकानाच्या आतल्या दारात शहजादीखाला तिच्या त्याच बाजेवर बसली होती. भादव्यापासून ती घराबाहेर पडलेली नव्हती. हातातली जपाची तस्बी थांबवून तीही छबुबाईकडे बघत होती.

"हो म्हनला," छबुबाई म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तिलाच कळलं की आपण बोललो.

"कोन? शहादेव?" मैनुद्दीनचा खडू हवेत.

"मंग? दुपारी आला फोन. दुसऱ्याच्या फोनवरनं."

"काय म्हनला?"

"म्हनला... तोडा."

"एवडंच?"

"एवडंच."

"शहादेव आन एवडंच बोलला?" मैनुद्दीनचा विश्वास बसेना. शहादेव साधी वेळ विचारली तरी सूर्योदयापासून सुरुवात करणारा माणूस.

"चार्जिंग संपत आलतं," छबुबाई म्हणाली. एका खोट्याला दोन टेकू लावावे लागले. पण तोवर विजयमालाने तिला मिठी मारली होती, अफसानाने "या अल्ला" म्हणत चहा टाकला होता, आणि मैनुद्दीन अठरा घरांना फोन लावत सुटला होता. "हौ हौ, शहादेव मान गया!" पलीकडून एकेक आवाज येत होता. "मंग घाला पहार."

सोमवारी आठ वाजता मशीन आलं. चालवणारा सिदू नावाचा गडी खाली उतरला आणि शहादेवच्या ओट्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मावशी, हा ओटा हाय का किल्ला?"

"जपून बे. फरशी आदी काड. एक कोपरा फुटला तर तुला सोडनार न्हाई."

बावीस शहाबादी फरश्या तिने स्वतः उभं राहून अख्ख्या काढून घेतल्या आणि शहादेवच्या घरात भिंतीला टेकवून ठेवल्या. मग बाहेर आली. परगावी असलेल्या घरांना दाखवायला म्हणून विजयमालाने फोनवर व्हिडिओ सुरू केला. मशीनचा दात ओट्यात शिरला. छबुबाईने डोळे मिटून घेतले, त्यामुळे शहादेवचा ओटा पडताना सगळ्या गल्लीने पाहिला, तिने मात्र नाही.

त्यानंतर सगळं फार भराभर चांगलं होत गेलं, आणि तिला तेच सोसेना. नाली जमिनीखाली गेली. रस्ता झाला. कुलूपबंद घरांपुढच्या काँक्रीटला पाणी मारायच्या पाळ्या लागल्या. लिंबाखाली उकिरड्याच्या जागी दोन बाकं आली. शिवरात्रीच्या सुमाराला शहजादीखालाच्या दारात, अगदी उंबऱ्यापाशी, रिक्षा येऊन उभी राहिली. खाला नवी ओढणी घेऊन मांजरसुंब्याला भाचीच्या लग्नाला गेली. तिला हात हलवायला गल्ली दोन्ही बाजूंनी उभी होती. विजयमाला रडत होती. छबुबाई कुलूप उघडायच्या निमित्ताने शहादेवच्या घरात जाऊन भिंतीला टेकवलेल्या फरश्या पुसत होती.

तिचा आवाज गेला होता. पोरं उन्हात खेळली तरी ती ओरडत नव्हती. दर पंधरा दिवसांनी ताराबाईचा फोन यायचा, तिच्याकडे सोडलेली शेळी कशी आहे विचारायला. ओटा पडल्यापासून एकदाही आला नव्हता. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळलं होतं आणि ते गप्प होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाकीच्यांना हे समजलं, की अठरा घरांचा होकार आपण हवेवर उभा केला, तर? अकरा वर्षं ज्या शब्दावर लोक घरं टाकून जातात, त्या शब्दाचं काय उरेल?

शेवटी एका दुपारी तिने खालाला सांगून टाकलं.

"अगे छबू," खालाने तस्बी बाजूला ठेवली. "तू झूट बोली?"

"बोलले."

"मेरे वास्ते?"

"तुमच्यासाटी कावून? माझी जीभ घसरली."

"घसरी तो इत्ती सीधी कैसी गिरी?" खाला दात नसलेलं हसली. मग गंभीर झाली. "फोन कर उसको. बोल दे."

"तवा फोन लागत नव्हता म्हनून खोटं बोलले. आता लागंल म्हनून भ्या वाटतंय."

पट्टा पडला. कारखाने बंद झाले, आणि पाडव्याच्या आधी घरं एकेक करून उघडायला लागली. बद्रीनाथचा ट्रॅक्टर बोचक्यांसकट, कोंबड्यांसकट, सरळ त्याच्या दारात येऊन थांबला. दर वर्षी त्याची बायको डोक्यावर गाठोडी घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, नाली ओलांडत यायची. यंदा ती ट्रॉलीतून उतरेचना.

"उतर की गं, घर आलं."

"थांबा. आजून एकदा खालनं वर घिऊन चला."

बद्रीनाथने ट्रॅक्टर वळवला आणि तिला पुन्हा एकदा गल्लीतून मिरवत आणलं. जो येईल तो रस्त्यावर पाय आपटून बघायचा आणि मग छबुबाईला गाठायचा. "मावशी, पर शहादेवभाऊ तयार कसा काय झाला हो?" छबुबाईला नेमकं तेव्हाच चुलीवरचं दूध आठवायचं.

शहादेव सगळ्यांच्या नंतर, पाचव्या दिवशी आला. सकाळची दहाची वेळ. ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी थांबली. तो खाली उतरला आणि जिथे चार पायऱ्या होत्या त्या मोकळ्या जागेवर उभा राहिला. भिंतीवर कमरेच्या उंचीला ओट्याची पांढरट रेघ राहिली होती. तिच्यावरून त्याने बोट फिरवलं. मागून ताराबाई उतरली. आसपासच्या घरांतून माणसं बाहेर आली.

छबुबाई तांब्या घेऊन पुढे झाली. पाणी हिंदकळून निम्मं सांडलं.

"भावजी, पानी घ्या."

"पानी ऱ्हाऊ द्या वैनी." शहादेवचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "मी हो म्हनलो म्हने."

छबुबाईने तांब्या छातीशी धरला.

"बद्रीनाथ म्हनतो, मैनुद्दीन म्हनतो, आता रोडवर पानटपरीवाला बी म्हनला. शहादेव हो म्हनला. मला फक्त येवडं सांगा वैनी. मी कदी म्हनलो?"

विजयमाला पुढे यायला लागली. छबुबाईने तिला हातानेच अडवलं.

"म्हनला न्हाईत," ती म्हणाली.

"ऐकू आलं न्हाई."

"तुमी हो म्हनला न्हाईत!" अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिचा गळा मोकळा सुटला. "तुमचा फोनच लागला न्हाई. मी मनानंच सांगितलं. समद्यांना खोटं सांगितलं. ह्या विजूला ठावं नव्हतं, मैनुभाईला ठावं नव्हतं. शिव्या घालायच्या त्या मला घाला."

विजयमाला जागच्या जागी वळून छबुबाईकडे बघायला लागली.

शहादेवने डोळे मिटले. एक लांब, लांब श्वास सोडला. मग जमलेल्या माणसांकडे वळला आणि हात वर करून म्हणाला, "ऐकलं का समद्यांनी? माझ्या तोंडून गेल्यालं न्हाई! वैनी, परत एकदा सांगा. तो बद्रीनाथ माघून आलाय."

"भावजी हो म्हनले न्हाईत," छबुबाई गोंधळून म्हणाली.

"बास!" आणि शहादेव डोक्यावरची मोळी टाकावी तसा मटकन रस्त्यावरच बसला. "सुटलो बाबा. आन तो तांब्या द्या इकडं."

काय झालं ते कुणालाच कळेना. ताराबाईने कपाळावरचा घाम पुसला. "मी सांगते. ह्यांचा फोन पाटाच्या पान्यात पडला, तो काय परत बोलला न्हाई. आन ओटा पडला त्याच्या दुसऱ्या दिशी मुकादमाच्या फोनवर तुमचा व्हिडिओ आला. कुटनं कुटं फिरत आला कोन जाने. ह्यांनी कोयता टाकून दिला आन चार दिवस कुनाशी बोलले न्हाईत."

"ओट्यासाटी न्हाई," शहादेव म्हणाला. त्याने वर, खालाच्या घराकडे पाहिलं. "खालाची बाज अडकली ना, तवाच माझं मन उडालंतं त्याच्यावरनं. रोज वाटायचं, आपल्याच हातानं पहार घालावी. पर समद्यांम्होरं गडाची आण घेतल्याली! माझ्या तोंडून निघायचं न्हाई म्हनून. म्हनलं बरं झालं, आपन नसताना तुटला. सुटलो. आन त्याच सांजच्याला ह्या बद्रीनाथनं कुटनं तरी नंबर काडून मुकादमाच्या फोनवर मला गाठलं. म्हनतो, भाऊ, तुमी हो म्हनलात, लई मोठं मन केलंत!"

"चांगलंच म्हनलो की," बद्रीनाथ कुरकुरला.

"चांगलं? माझ्या काळजात चर्र झालं! मला वाटलं, झोपेत बोललो का काय मी? गडाची आण मोडली का काय?"

"दोन महिने," ताराबाई बोटं दाखवत म्हणाली, "दोन महिने रोज मला इचारतेत. तारे, माझ्या तोंडून कदी गेलं का गं? तारे, ताप आल्ता तवा काय बोललो का गं? ऊस तोडू का ह्यांच्या तोंडाचा हिशोब ठिवू?"

"मंग मला फोन करून इचारायचं व्हतं ना!" छबुबाईच्या तोंडून निघालं.

"भ्या वाटलं," शहादेव म्हणाला. "तुमी कदी खोटं बोलत न्हाई. तुमी म्हनला असता, व्हय भावजी, तुमीच म्हनलात, तर मी काय करनार व्हतो?"

 अडीच महिने ती इकडे घाबरून फोन करत नव्हती आणि तो तिकडे घाबरून करत नव्हता. मग तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. रडू असेल असं वाटून तिने पदर तोंडाला लावला, पण ते हसू होतं. ताराबाईला हसू फुटलं, मग अफसानाला, मग सगळ्यांनाच.

बद्रीनाथ तेवढा विचारात पडला होता. "थांबा, थांबा. आमी अठरा घरं शहादेवभाऊच्या होकारावर हो म्हनलो. आन तो होकारच नव्हता. मंजी आमचाबी होकार कटला का?"

"कटला," विजयमाला डोळे पुसत म्हणाली. "उद्यापासून बांदा परत ओटा. पण नाली जमिनीखाली गेलीय. ओट्याला आपटायला पाणी कुटून आणताय?"

"हात तर लावू द्या त्यांना रोडाला," बद्रीनाथची बायको मागून म्हणाली. "आडवी झोपते मी ट्रॅक्टरपुडं."

शहादेव उठला. कपडे झटकले आणि छबुबाईसमोर येऊन उभा राहिला. आता मात्र तो खरंच रागावलेला दिसत होता.

"वैनी, एक सांगतो. तोडताना इचारलं न्हाई ते बरं केलं. पर तोडल्यावर कळवायचं व्हतं. ते चुकलं तुमचं."

"चुकलं," छबुबाई म्हणाली.

"पुन्यांदा असं करू नका."

"तुमीबी पुन्यांदा आण घिऊ नका."

शहादेव काहीतरी बोलणार होता, पण वरून मैनुद्दीन हात करत आला. "ओटा तो गया तेरा. आता बसनार कुटं बे?"

"तुज्या दुकानात."

"बस. पर वाइंडिंगला बोट लावलं तर बग." दोघं बोलत बोलत वर चढून गेले. ट्रॉली हळूहळू दारापर्यंत आली, आणि बायकांनी बोचकी उतरवायला सुरुवात केली. ताराबाईने घरात पाऊल टाकलं, भिंतीला टेकवलेल्या फरश्या एकेक करून मोजल्यासारख्या पाहिल्या, आणि बाहेर येऊन छबुबाईचा दंड नुसता धरला. 

छबुबाई घरी आली. दुपारचे बारा झाले असतील. बावीस पट्टे केलेल्या बाईला दिवसा आडवं व्हायची सवय नसते. ऊसतोडीत दिवसा आडवा होतो तो आजारी तरी असतो, नाहीतर मुकादम. पण ती दार उघडं टाकून तशीच जमिनीवर आडवी झाली. बाहेर बद्रीनाथचा ट्रॅक्टर चढाला लागला होता, पोरं त्याच्यामागे बोंबलत होती. त्यांच्यावर ओरडायला हवं, एवढा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच थांबला.

उन्हं कलली तेव्हा विजयमाला चहा घेऊन आली, आणि तिला तशी पडलेली बघून घाबरली. जवळ बसून कपाळाला हात लावला. "मावशी! ओ मावशी! बरं वाटत न्हाई का?"

"लई बरं वाटतंय," छबुबाई डोळे न उघडता म्हणाली. "झोपू दे."